प्लेटलेट एक लाखाखाली आल्या म्हणजे लगेच चढवायच्या का?

पावसाळा लागला की गोव्यात एक मेसेज फिरायला लागतो. साखळी-डिचोलीच्या ग्रुपांवर यंदाही आला: "डेंग्यूत प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या की जीवाला धोका. ताबडतोब प्लेटलेट चढवा. पपईच्या पानांचा रस द्या. आकडा वाढला की पेशंट बरा." मी लॅबमध्ये रक्त तपासते. हे वाचून रडवेली झालेली माणसं समोर उभी राहतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"एक लाखाखाली म्हणजे धोका." निरोगी माणसाचा प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा, काउंट दीड ते साडेचार लाख असतो, हे खरं. पण डेंग्यूत तो सहसा उतरतो, आणि बहुतेकांचा आपोआप वर येतो. शिवाय छापून आलेला आकडा दर वेळी खरा असतोच असं नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काहींच्या प्लेटलेट त्यातच एकमेकींना चिकटतात. मशीनला तो पुंजका प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाही आणि आकडा ३८ हजार येतो. तेच रक्त काचपट्टीवर पसरून (यालाच स्मिअर म्हणतात) मायक्रोस्कोपखाली धरलं, की थर संपतो त्या कडेला पुंजकेच्या पुंजके दिसतात. मग सायट्रेट हे रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजावं लागतं. अंगावर डाग नाहीत, रक्त कुठून येत नाही, माणूस ठणठणीत आहे आणि काउंट मात्र फारच कमी आलाय, तर "स्मिअर बघितलात का?" असं लॅबला बेधडक विचारा.

"ताबडतोब चढवा." रक्तस्राव नसेल तर काउंट साधारण १० हजारांखाली जाईपर्यंत प्लेटलेट देत नाहीत. ऑपरेशन असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हिशोब वेगळा, तो डॉक्टर ठरवतील. डेंग्यूत चढवलेल्या प्लेटलेट फार टिकत नाहीत, रिअ‍ॅक्शनची भीती मात्र असते. ब्लड बँकेत ती पिशवी जेमतेम ५ दिवस राहते. तुम्ही हट्टाने मागितलेली पिशवी केमोथेरपी चाललेल्या एखाद्या मुलाला हवी असते.

पपईच्या रसाने आकडा थोडा लवकर वाढल्याचे छोटे अभ्यास आहेत. जीव वाचल्याचा पुरावा नाही. उलट्या होणाऱ्या पोराच्या घशात तो कडू रस ओतू नका. ओआरएस, पेज, शहाळं द्या.

"आकडा वाढला की बरा." माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे, आणि ते घडतं तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना. घरचे "ताप गेला" म्हणून निर्धास्त होतात तेव्हा. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट ही ओळ शोधा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के तो आकडा. ३८ चा ४६ झाला तर रक्त घट्ट होतंय. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेट दीड लाख असल्या तरी थेट हॉस्पिटल गाठा. तापाला पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको.

आणखी एक, मेसेजात नसलेलं. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नाही. मलेरियात उतरतात, लेप्टोतही (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीने दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) उतरतात. शेतात, कुळागरात, चिखलात काम झालं असेल तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा. लेप्टोवर अँटिबायोटिक आहे आणि ते वेळेत सुरू व्हावं लागतं.