मालकाचं उत्तर: वॉर्निंगची सफाई आणि तुमचा अडकलेला बिल्ड

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्या कंपायलरची (लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती टाकल्यावर, एक ओळही न बदललेला कोड बिल्ड होईना. चिपच्या हेडर फाइलींमधल्या, म्हणजे चिपसोबत तयार मिळणाऱ्या कोडमधल्या, शेकडो वॉर्निंग अंगावर आल्या. आणि रात्रीच्या बिल्डमधल्या वॉर्निंग मोजणारी तुमची स्क्रिप्ट शून्य दाखवू लागली. ‘स्वतःचं घर झाडलं आणि कचरा आमच्या दारात लोटला,’ असं तुम्ही लिहिलंय. ते लागलं. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागतो.

आमच्या कंपायलरच्या जुन्या कोडमध्ये पार्सरला, म्हणजे तुमचा कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाला, काही खटकलं की तो जागच्या जागी प्रिंटएफ करायचा, म्हणजे मेसेज थेट छापायचा. टाइप तपासणारा भागही तसाच. ही वॉर्निंग चालू आहे का, तिला एरर धरायचं का, हे ज्यानं त्यानं आपापल्या जागी लिहिलेलं. न वापरलेल्या व्हेरिएबलचा मेसेज तीन फाइलींत तीन तऱ्हांनी होता, त्यातल्या एकात ओळ क्रमांक एकनं चुकायचा. म्हणून आम्ही क्लँग या दुसऱ्या कंपायलरची रीत घेतली. तिथे मेसेज टीडी फाइलींत तक्त्यासारखे मांडलेले असतात, टेबलजेन नावाचं साधन त्यातून कोड तयार करतं, आणि पार्सर फक्त कुठला मेसेज, कुठल्या ओळीवर, कुठल्या नावासाठी एवढंच कळवतो. छापायचं की नाही आणि कसं, ते दुसरीकडे ठरतं. अख्खं वाक्य तक्त्यात ठेवायचं, तुकडे जोडायचे नाहीत, हा नियमही तेव्हाच केला. मेसेज कधी मराठीत द्यायचे झाले तर ‘फाइल सापडली नाही’ आणि ‘फंक्शन सापडलं नाही’ एका साच्यातून निघत नाहीत.

आता बिल्ड का अडकला ते. तुम्ही डब्ल्यू-एरर लावता, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर धरा. जुन्यातले काही प्रिंटएफ हा पर्याय बघतच नव्हते. वॉर्निंग छापली जायची, बिल्ड पुढे जायचा. सगळ्या वॉर्निंग एकाच दारातून जाऊ लागल्या आणि त्या पकडल्या गेल्या. तुम्ही जोडलेल्या लॉगमधली एक कृपया आजच बघा: मोटर सुरू करण्याआधीच्या इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह आहे. तिथे तुलना होत नाही, किंमत भरली जाते, आणि तो स्थिरांक शून्य नसल्यानं अट कायम खरी ठरते. बाकीच्या वॉर्निंग सवडीनं बघा. तोवर डब्ल्यू-नो-एरर आणि बरोबरच्या चिन्हापुढे वॉर्निंगचं नाव दिलंत, की तेवढी वॉर्निंग वॉर्निंगच राहील.

हेडरचा गोंधळ निव्वळ आमचा. सिस्टिम हेडरमधल्या, म्हणजे बाहेरून आलेल्या हेडरमधल्या, वॉर्निंग जीसीसी (हाही एक कंपायलर) आणि क्लँग आपणहून गप्प ठेवतात. आमचा जुना पार्सरही ठेवायचा, पण कोड हलवताना ती तपासणी मागे राहिली. काल दिलेल्या दुरुस्तीत ती परत आली आहे.

स्क्रिप्टचं मला सगळ्यात वाईट वाटलं. आम्ही मेसेजची भाषा सुधारली, आणि तुमची स्क्रिप्ट नेमके तेच शब्द शोधत होती. शोधणार दुसरं काय? वॉर्निंगला शब्दांखेरीज ओळख आम्ही कधी दिलीच नव्हती. तक्त्यात प्रत्येकीला नाव होतं, पण ते आमच्यापुरतं राहिलं. आता जीसीसी-क्लँगसारखं ते नाव मेसेजच्या शेवटी चौकटी कंसात छापलं जातं. शब्द पुढेही बदलतील, नाव बदलणार नाही. स्क्रिप्टला नाव शोधायला लावा. ती बदलेपर्यंत जुनेच शब्द हवे असतील तर कालच्या दुरुस्तीत तसा पर्याय आहे. मेसेज वेगळ्या तक्त्यात असल्यामुळेच तो एका दिवसात देता आला.

दुरुस्ती टाकूनही काही अडलं तर लॉग तसाच आमच्या सपोर्टच्या पत्त्यावर पाठवा. मी स्वतः बघतो.