उदोउदो कुणाचा करायचा?

"नुसता उदोउदो चाललाय त्यांचा!" हे वाक्य हल्ली रोज कानावर पडतं. पुढाऱ्याबद्दल, नटाबद्दल, क्रिकेटपटूबद्दल. अति स्तुती झाली, गरजेपेक्षा जास्त डोक्यावर घेतलं, असा त्याचा अर्थ आणि बोलणाऱ्याच्या सुरात वैताग. शब्दकोशातही हा अर्थ पक्का बसलाय. पण मी सोलापूरकडचा. आमच्याकडे हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो तुळजाभवानी आईच्या दारात.

तुळजापूरला कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्या उतरताना गर्दीतून कुणीतरी आवाज देतं, "आई राजा उदोउदो!" आणि आजूबाजूची अनोळखी माणसं तो उचलतात. कोजागरीला सोलापूरहून पायी निघालेले लोक रात्रभर हाच गजर करत चालतात. नवरात्रात घरोघरी "उदो बोला उदो" म्हणत आरती होते. उदो म्हणजे उदय. आई, प्रकट हो, जागी हो. आणि आई खरोखरच झोपते हो! नवरात्राआधी तिची मंचकी निद्रा असते, दसऱ्यानंतर पुन्हा असते. महिषासुराशी लढून दमलेल्या आईला विश्रांती देणारी ही माणसं आहेत. तिचा उदो करणाऱ्यांना तिचा शीणही ठाऊक असतो.

गोंधळ बघा. उसाचा मांडव, चौरंगावर कोरं कापड, त्यावर तांदूळ आणि कलश, बाजूला तेल पिऊन भडकलेली दिवटी. संबळ तापला की गोंधळी एकेकाला गावासकट नाव घेऊन बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांनी गोंधळाला यावं. घरात लग्न झालंय, नव्या जोडप्यावर तुमची नजर असू द्या, एवढ्यासाठी हा जागर. मागणं उघड असतं, चारचौघांत असतं आणि हक्काचं असतं. एकनाथ महाराजांच्या जोगव्यात तर मागणाराच आपल्या आशातृष्णेच्या दरडी पाडायला निघालाय. उदो म्हणणाऱ्याला स्वतःत बदल करावा लागतो.

माणसाच्या उदोउदोत मात्र मागणं पोटात ठेवलेलं असतं. कुणाला तिकीट हवं, कुणाला ठेका, कुणाला बदली. म्हणून ते मागणं कुणी तोंडाने बोलत नाही, त्याऐवजी विशेषणं बोलतात.

मी आमच्या भागात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो. पाहुणे यायच्या आधी कार्यकर्ता हातात चिठ्ठी देतो: कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे हृदयसम्राट. "सर, नावाआधी हे सगळं आलं पाहिजे." एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. जेसीबीतून फुलं उधळली, क्रेनला भला मोठा हार टांगला, एकामागून एक सत्कार झाले. मांडवाच्या कडेला बायका थांबल्या होत्या, नळाला पाणी कधीपासून येणार हे विचारायला. आभारप्रदर्शन झालं आणि गाड्या गेल्या. त्या बायकांना माईक मिळालाच नाही. अति स्तुतीचं नुकसान मला तिथे दिसतं. ज्याचं कौतुक चाललंय तो फुगतो हे एक, पण बाकीच्यांची विचारायची जागाच जाते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. देशासाठी आयुष्यभर झिजलेल्या थोर माणसांबद्दल कृतज्ञता ठेवावी, पण तिलाही मर्यादा असावी, असंही ते त्याच भाषणात म्हणाले. भक्तीची जागा कुठली, हे त्यांनी इतकं स्वच्छ सांगितल्यावर देवीच्या दारातला गजर आपण व्यासपीठावर कशासाठी नेतोय?

कौतुकाला माझा अजिबात विरोध नाही. आपल्याकडे कौतुक करायला माणसं फार कंजूष आहेत, विशेषतः घरातल्या आणि हाताखालच्या माणसांचं. ग्रामसेवकाने धावपळ करून टँकर आणला तर त्याचं नाव घेऊन, कोणत्या वस्तीला आणला ते सांगून चार माणसांत बोला. अशा कौतुकात काम दिसतं, आणि खोटं असेल तर लगेच कुणीतरी उठून तसं म्हणू शकतं. 'कार्यसम्राट' खोटं आहे असं कोण कसं सिद्ध करणार?

यापुढे चिठ्ठी आली की मी एकच विचारणार आहे: साहेबांचं या गावातलं एक काम सांगा, नावाआधी तेच वाचतो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाकीच्या मित्रांनाही माझी हीच विनंती आहे. आणि आभारप्रदर्शनाआधी दहा मिनिटं माईक खाली, लोकांत फिरवा.