वाद नग्नतेचा, उणीव मॉडेलची

फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची सात चित्रं ब्रिटनमधल्या लिलावांत विकत घेतली गेली आणि मुंबईत कस्टम्सने ती अश्लील म्हणून अडवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द केली. निकाल योग्यच होता. पण जळगाव-धुळ्यात चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींच्या पदरात त्यातून काही पडलं नाही, कारण त्यांची अडचण मुळात वेगळी आहे. त्यांच्यासमोर स्थिर बसणारा जिवंत माणूसच नसतो.

ब्रिटनमध्ये सगळं सुरळीत आहे असंही नाही. २०१८ मध्ये मँचेस्टर आर्ट गॅलरीने नग्न जलपऱ्यांचं एक प्रसिद्ध चित्र चर्चा घडवण्यासाठी भिंतीवरून उतरवलं आणि गदारोळ झाल्यावर आठवडाभराने परत लावलं. तरी लाइफ ड्रॉइंगचे, म्हणजे जिवंत मॉडेल समोर ठेवून रेखाटण्याचे, वर्ग चालूच असतात, ते काटेकोर शिस्तीमुळे. मॉडेल पडद्याआड कपडे बदलतो, पोझ संपताच गाऊन घालतो. मोबाइल बॅगेत. पोझ दुरुस्त करायची तर तोंडी सांगायची, हात लावायचा नाही. आधी एक-दोन मिनिटांच्या झटपट पोझ, मग पाच, दहा आणि शेवटी वीस मिनिटांची. लांब पोझच्या आधी पावलांभोवती खडूने रेघ मारतात. विश्रांतीनंतर टाच दोन इंच जरी सरकली तरी कमरेचा कल बदलतो आणि अर्धं रेखाटन वाया जातं. गुडघे ताठ आवळून उभं राहिलं तर रक्त पायांत साचून भोवळ येते, म्हणून ते किंचित सैल ठेवायचे. डोक्यावर हात धरलेली पोझ पाच मिनिटांपुढे नेऊ नये.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या स्मरणचित्रासाठी पोरं ठरावीक आकृत्या घोकतात आणि पुढे मोबाइलवरच्या फोटोवरून माणूस काढतात. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा हात फुगतो, सावलीतला भाग नुसता काळा होतो आणि अंगाचा भार कुठे पडलाय हे कळत नाही. समोर माणूस असेल तर हे ओळंब्याने तपासता येतं. भार एका पायावर असला की गळ्याच्या खळगीतून सोडलेली दोरी त्याच पायाच्या घोट्याजवळ येते, त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी त्रिभंगात, म्हणजे शरीर तीन ठिकाणी वळवून, उभा आहे. त्याची नक्कल अनेकजण करतात, पण तो डौल हाडांत कुठून येतो हे शिकवायला खोलीत माणूस लागतो.

नग्नतेवर अडून बसायची गरज नाही. लंगोटातला पैलवान खानदेशात कुणाला खटकत नाही. सातपुड्यात काठी गावच्या होळीला बुध्या म्हणवणारे आदिवासी नर्तक अंगभर राख फासून नाचतात, तेव्हाही कुणी नाक मुरडत नाही. तालमीतला पैलवान, सुरकुतलेल्या पाठीचे आजोबा, नऊवारीतली मावशी, यांच्यापासून सुरुवात करावी. बाईमाणूस मॉडेल असेल तर वर्गात शिक्षिका हवीच. कपडे किती, फोटो काढायचा की नाही, हे आधीच लेखी ठरवावं.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर वर्ग सकाळी सात ते नऊ ठेवावा, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात. कूलरचा झोत मॉडेलवरही नको आणि कागदावरही नको: दमटपणाने कागद ढिला पडतो. घामाने रेखाटनाचा कोळसा पुसला जातो, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. आणि मॉडेलला पैसे पूर्ण दोन तासांचे द्यावेत, विश्रांतीची मिनिटं कापू नयेत.