गुडघा आणि पंगत

जालना जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एका ठरावावरून दोन तट पडले आहेत. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा, सगळ्यांनी पुढे येऊन गुडघे टेकावेत, असं काही तरुणांचं म्हणणं. आमच्याकडे आजवर लोक जागेवर बसूनच भाकर आणि प्याला घेत आले. तरुण विचारतात, राजाधिराजासमोर कोणी बसून राहतं का? ‘प्रत्येक गुडघा टेकेल’ हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन मंडळीच्या ग्रुपवर रोज येतं. ठराव मांडणाऱ्यांतल्याच काहींना आणखी एक गोष्ट हवी आहे. उपासनेत हात जोडणं, चपला दाराबाहेर काढणं, पवित्र शास्त्र (बायबल) कपाळाला लावणं हे सगळं बंद करावं, कारण ते ‘आपलं नाही’.

मी स्कॉटलंडमधल्या पर्थ गावात राहते. ग्रुपवर चार ओळी लिहून हा विषय संपणार नाही म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्रभुभोजनाला गुडघे टेकायचे की नाही, यावरचा एक मोठा झगडा याच गावाच्या नावाने इतिहासात नोंदलेला आहे.

1618 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटिश चर्चची महासभा इथे भरली आणि राजा सहाव्या जेम्सच्या दबावाखाली तिने पाच कलमं मंजूर केली. त्यातलं सगळ्यात झोंबलेलं कलम हेच होतं, की प्रभुभोजन गुडघ्यावर बसून घ्यावं. 1560 च्या धर्मसुधारणेपासून, म्हणजे स्कॉटलंडने रोमच्या पोपशी नातं तोडलं तेव्हापासून, इथले लोक लांबलचक मेजांभोवती बाकांवर बसून भाकर मोडत आणि प्याला शेजाऱ्याच्या हाती देत. राजाला इंग्लंडसारखी शिस्त हवी होती. 1621 साली संसदेने कलमांवर शिक्का मारला, तरी लोक वाकले नाहीत. एडिनबरातली कितीतरी माणसं आपलं चर्च सोडून, जिथे अजून बसून भोजन मिळतं अशा बाहेरच्या चर्चमध्ये जाऊ लागली. शेवटी 1638 च्या ग्लासगोच्या महासभेने ती कलमं फेटाळून लावली.

या लोकांना देवाचं भय नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. शेवटच्या रात्री प्रभू शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने त्यांना मेजावर जागा दिली. बोलावलेल्या पाहुण्याने ती जागा सोडून जमिनीवर गुडघे टेकले, तर यजमानाने दिलेला मान त्याने नाकारला असं होतं. त्यांच्या दृष्टीने बसणं हीच आज्ञाधारकता होती. स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याने इंग्लंडमध्ये असताना 1552 सालीच गुडघे टेकण्याविरुद्ध आवाज उठवला होता. तेव्हा इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात घाईघाईने एक खुलासा घालावा लागला, की गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची आणि द्राक्षारसाची पूजा नव्हे. एका हालचालीचा अर्थ काय घ्यायचा, हे पुस्तकात छापून सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आणि मंडळीचा सगळ्यात जुना रिवाज पाहायचा तर तो तिसराच निघतो. 325 साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या विसाव्या नियमात सांगितलं आहे की रविवारी आणि पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवसापर्यंतच्या काळात प्रार्थना उभं राहून करावी. गुडघे पश्चात्तापासाठी होते आणि रविवार उठलेल्या प्रभूचा, म्हणून त्या दिवशी उभं राहायचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लोक आजही उपासनेचा बराच वेळ उभे असतात.

आता आपल्याकडे येते. आमची मंडळी स्कॉटिश मिशनच्या कामातून उभी राहिली. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते मुख्यतः महार-मांग समाजातून आलेल्या माणसांसाठी. म्हणजे पर्थमध्ये ज्या बसण्यासाठी माणसं राजाशी भांडली, तेच बसणं मिशनऱ्यांबरोबर मराठवाड्यात आलं. इथल्या मातीत मात्र त्याला जो अर्थ मिळाला, तो स्कॉटलंडमध्ये कधी नव्हता.

आमच्या पणजोबांच्या पिढीला वाकायला कोणी शिकवावं लागत नव्हतं. पाटलाच्या वाड्यासमोर, अंगणाबाहेर, सावली पडणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून कमरेत वाकायचं आणि ‘जोहार मायबाप’ म्हणायचं, हे त्यांच्या अंगात मुरवलेलं होतं. त्यांना नाकारली गेली ती पंगत. एका ओळीत बसायचं, एकाच ताटातली भाकर घ्यायची, एकाच प्याल्याला ओठ लावायचे आणि तो प्याला बामणाच्या घरातून आलेल्या ख्रिस्ती माणसाच्या हाती द्यायचा, ही गोष्ट गावात कुठेही घडत नव्हती. ती घडली प्रभूच्या मेजावर. ज्यांना विहिरीवर पाणी शेंदू दिलं जात नव्हतं, त्यांनी बसून तो प्याला घेतला. याला कोणी बेअदबी म्हटलं की माझ्या पोटात तुटतं.

गुडघे टेकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अढी नाही. इथल्या कॅथलिक चर्चमध्ये पोलंडची आणि केरळची कुटुंबं येतात. बाकात शिरण्याआधी ती उजवा गुडघा जमिनीला लावतात, म्हातारी माणसं बाकाला धरून लावतात, आणि त्यांच्या भक्तीत मला काहीही खोटं दिसत नाही. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर 1970 साली नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले. गुडघे टेकणारे आणि बसणारे तेव्हापासून एकाच घरात आहेत. त्यांनी एकमेकांना आपल्या रीतीवर यायला लावलं नाही, म्हणूनच ती एकी टिकली. ज्याला गुडघे टेकावेसे वाटतात त्याने जरूर टेकावेत, त्याला पुढे जागा करून द्यावी. माझा विरोध ठरावाला आहे, कारण ठरावाने वाकवलेला गुडघा जेम्सच्या कामाचा होता, प्रभूच्या नव्हे.

हात जोडण्याचं आणि चपलांचं थोडं वेगळं आहे. कॅथलिकांनी हा प्रश्न फार आधी हाताळला. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा मुद्द्यांना रोमने 1969 च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली. पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं, पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात कपाळाला किंवा डोळ्यांना लावणं, जमिनीला कपाळ टेकवून केलेला पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी समई, आरती हे सगळं त्यात आहे. मला ते वाचून आनंदच होतो, पण पुरता नाही. कारण ‘भारतीय’ म्हणजे काय हे ठरवताना देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहिलं गेलं, आणि त्या गाभाऱ्यात आमच्या माणसांना प्रवेशच नव्हता. दलित ईश्वरविद्येचा, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराचा, पाया घालणाऱ्या अरविंद निर्मलांनी 1981 पासून हेच बजावून सांगितलं, की भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेतच अडकून पडला आहे. तेव्हा पंचांग प्रणाम कोणाला परका वाटत असेल तर त्याचं कारण समजून घ्यावं.

पण हात जोडणं? शास्त्र कपाळाला लावणं? ते कुठल्या गाभाऱ्यातून आलेलं नाही. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीच्या हातात पहिल्यांदा पुस्तक आलं, तेव्हा तिने ते कपाळाला लावलं. अक्षर ज्यांना मनाई होतं, त्यांनी अक्षराला दिलेला तो मान होता. इथे कित्येक चर्चमध्ये उपासनेच्या सुरुवातीला चर्चचा सेवक पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी धरून आत आणतो आणि सगळी मंडळी उठून उभी राहते. मूर्तींना इतका विरोध करणारे हे लोक, 1559 साली याच गावात नॉक्सच्या प्रवचनानंतर मूर्ती फोडणारे, ते पुस्तकासाठी उभे राहतात आणि त्याला मूर्तिपूजा म्हणत नाहीत. मग आजीच्या कपाळाला का म्हणायचं?

मला ठाऊक आहे, यामागे भीतीही आहे. समई, आरती, हात जोडणं दिसलं की बाहेरचे म्हणतात, ही नक्कल आहे, लोकांना फसवून बाटवण्यासाठी केलेली. त्यामुळे आपली माणसं विचार करतात की असलं सगळं काढून टाकलं म्हणजे तोंड बंद होईल. ते होणार नाही. हात जोडणं सोडलं की हेच लोक आपल्याला परदेशी म्हणतील. मराठी माणसाचे हात मराठी माणसासारखेच जुळणार, तो कुठल्याही देवापुढे उभा असो. इथे माझेही तसेच जुळतात, आणि शेजारी बसणाऱ्या स्कॉटिश बायांपैकी कोणाला त्यात वावगं वाटलेलं नाही.

ठरावावर चर्चा होईल तेव्हा मंडळीने आणखी एक विषय घ्यावा, ही माझी विनंती. एकच प्याला आमच्याकडे आता राहिलेला नाही. महामारीत प्रत्येकाला वेगळी छोटी पेली आली आणि ती तशीच राहिली. स्कॉटलंडमध्येही बऱ्याच चर्चमध्ये छोटे ग्लास आहेत. इथे तो आरोग्याचा प्रश्न होता आणि तेवढाच राहिला. आपल्या भागात चहाच्या टपरीवर कोणासाठी वेगळी कपबशी ठेवली जात होती हे आठवणारी माणसं अजून हयात आहेत. त्यांच्या मंडळीत वेगळी पेली एकही शब्द न बोलता आली, कोणाला ठराव लागला नाही. पाळकसाहेबांनी आणि कमिटीने हा विषय आधी घ्यावा, गुडघ्यांचा नंतर.