मिरजेच्या इतकं जवळ राहू नये

पुण्या-मुंबईच्या हौशी सतारवाल्यांचा मला हेवा वाटतो. त्यांची सतार बेसूर वाजली तर दोष सतारीचा असतो. "जवारी गेलीय, म्हणजे तारांचा झणकार बिघडलाय, मिरजेला पाठवायला पाहिजे," असं म्हणून ते सतारीला गवसणी घालतात, महिनोन्‌महिने घालूनच ठेवतात, आणि घरचेही सहानुभूतीने मान हलवतात. मी सांगलीत राहतो. इथून बसमध्ये बसलं की मिरज आलीच. त्यामुळे हे कारण माझ्याकडे संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचा धंदा सुरू झाला. फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. तलवारींचे दिवस संपत आले तसे ते तंबोरे आणि सतारींकडे वळले. पुढच्या पिढ्यांनी तेच काम धरलं आणि सतारमेकर गल्ली उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. माझी मात्र आणखी पंचाईत झाली, कारण सरकारी शिक्क्याचं वाद्य बेसूर आहे असं आता म्हणायचं कुठल्या तोंडाने?

सतार वाजवणं आणि सतार लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुतेक दुसरंच येतं. माझ्या सतारीला वर सात तारा आहेत आणि पडद्यांच्या खालून जाणाऱ्या, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तेरा. एकूण वीस. आधी जोड नावाची तार षड्जाला लावायची, मग बाजाची, म्हणजे मुख्य तार मंद्र मध्यमाला, मग पंचम, खरज, शेवटी चिकारीच्या दोन. त्यानंतर तरफा. तेरावी तरफ लागेपर्यंत जोड उतरलेली असते. यात गूढ काही नाही. वीस तारांचा ताण पातळ तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीवर, आणि पोकळ दांडीवर पडतो, लाकूड किंचित दबतं, आणि आधी लावलेल्या तारा तेवढ्या सैल होतात. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत फरक कमी असतो, तिसऱ्या फेरीपर्यंत शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "अजून लावायलायच व्हय?"

खुंट्यांचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो. लाकडी खुंटी लाकडी भोकात नुसत्या घर्षणावर उभी असते; स्क्रू नाही, मळसूत्र नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती आक्रसते आणि रात्री दोन वाजता आपोआप सुटते. टण्ण! घर जागं होतं. यावर उपाय म्हणजे खुंटी काढून तिला शाळेतला पांढरा खडू चोळायचा आणि फिरवताना आत दाबत फिरवायची. नुसती फिरवली तर ती बाहेर सरकत राहते, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. पावसाळ्यात उलट. लाकूड फुगतं, खुंटी रुतून बसते, आणि जोर लावला की सूर एकदम दीड स्वर वर जातो किंवा तार तुटते. अशा वेळी खडू नको. खुंटी बाहेर काढायची, कोरड्या साबणाची वडी हलकेच फिरवायची आणि पुन्हा बसवायची. बारीकसारीक फरकासाठी बाजाच्या तारेत घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, मागे मणी असतो, तो लंगोटाकडे, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाकडे, सरकवला की सूर चढतो. हौशी वादकाचं अर्धं आयुष्य त्या मण्यावर जातं.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. आमच्या घरात सतार ३५ फुटांनाच माळ्यावर जाते. गॅसची टाकी नंतर. यावरून होणाऱ्या चर्चा इथे नकोत.

खरी परीक्षा तरफ तुटल्यावर. ही तार जेमतेम ०.२२ मिलिमीटर जाडीची, पोलादी. दांडीच्या वरच्या अंगाला एक इवलंसं भोक असतं. नवी तार त्यातून पोकळ दांडीत सोडायची आणि बाजूच्या खुंटीच्या भोकातून बाहेर काढायची. आत मिट्ट काळोख. तार आत गेल्यावर कुठे जाते हे तिलाच ठाऊक, खुंटीच्या भोकाकडे मात्र जात नाही. मग घरातली सगळ्यात बारीक क्रोशाची सुई मागायची, एकाने मोबाइलचा टॉर्च धरायचा, दुसऱ्याने श्वास धरायचा. सुईच्या आकड्यात तार अडकते, बाहेर येताना निसटते. चुकून शेजारची धडकी तरफ अडकली तर तीही ओढली जाते आणि एका तारेच्या दुरुस्तीत दोन तारांचं काम निघतं. तार हाती लागली की तिचं टोक खुंटीच्या छिद्रात ओवायचं, दोन वेढे द्यायचे, खुंटी बसवायची. मग दुसरं टोक पडद्यांच्या खालून, छोट्या घोडीवरून, भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या खिळ्यापर्यंत. लांबी दोन इंच कमी भरली असं इथे आल्यावर कळतं. म्हणून आधीच वीतभर जास्त तार तोडावी. सुई परत करताना ती वाकलेली असते, तेव्हा बदल्यात नवी आणून ठेवावी. हा खर्च सतारीच्या हिशेबात धरायचा.

हल्ली फोनवर सूर दाखवणारी ॲप आहेत. हिरवा दिवा लागला की सूर लागला म्हणे. षड्ज-पंचमापुरतं ते चालतं. पण चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खरजातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका खाली असतो. ॲपच्या हिशेबाने तो बेसूर. म्हणजे दिवा हिरवा करायचा की कान, हे ठरवावं लागतं. याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा पुढ्यात ठेवून श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचं, गणित मांडलं होतं. त्या गावात मी तरफेचा गांधार लावायला फोन काढतो. खाँसाहेब स्वतः मिरजेला राहायचे आणि वाद्यांची जवारी आपल्या हाताने काढायचे, हे आठवलं की फोन आपोआप खिशात जातो.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो जेमतेम दिसणारा उतार. तार त्याला ओझरती घासत राहते आणि सुरात झणकार येतो. वाजवून वाजवून तारांच्या चऱ्या पडतात, मग आवाज एकतर ठोकळ होतो किंवा पत्र्यासारखा खरखरतो. पूर्वी घोडी सांबरशिंगाची असायची. वन्यजीव कायद्यानंतर उंटाचं हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ आले. कानशीने दोन हात जास्त मारले की उतार बिघडतो, म्हणून हे काम घरी करू नये. गवसणी खांद्याला लावून बस गाठावी. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, वाळवलेला, धक्क्याने तडकणारा. त्यामुळे तिकीट एकाचं, जागा दोघांची. कंडक्टर विचारतो, "वीणा काय ओ?" हो म्हणावं.

गल्लीतले चाचा घोडी उतरवतात, कानस फिरवतात, तार चढवतात, छेडतात, कान देतात, पुन्हा उतरवतात. शेवटी तार ओढून एक साधी मींड घेतात आणि माझीच सतार अशी बोलते की माझा चेहरा पडतो. "बघा साहेब, वाद्य एक नंबर हाय," चाचा म्हणतात. पुढचं वाक्य सभ्यपणामुळे ते बोलत नाहीत.

घरी आल्यावर पाहुणे हटकून असतात. सांगली पडली नाट्यपंढरी, त्यामुळे फर्माईश ठरलेली. "एखादं नाट्यगीत होऊन जाऊ दे," मामा म्हणतात, "भैरवीतलं." मामांना कल्पना नसते. तरफा यमनात लावलेल्या आहेत. भैरवीसाठी त्यातले रिषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल करायचे, तीव्र मध्यम शुद्ध करायचा. शिवाय मध्य सप्तकातला रिषभ आणि धैवत यांना एकेकच पडदा, ते आणि तार सप्तकातले असे पडदे दोऱ्यासकट वर, खुंट्यांच्या बाजूला, सरकवायचे. तोवर मामांची गाडी सुटेल. हौशी सतारवाला जन्मभर यमन का वाजवतो याचं कारण लोक भक्तीत शोधतात. ते तरफांत आहे. सुदैवाने संगीत नाटकवाल्यांनी यमनात पदं भरपूर बांधून ठेवली आहेत. मी मामांना त्यातलंच एक ऐकवतो, ते "वा, भैरवी!" म्हणतात, आणि मी नमस्कार करतो.