चौथं वर्ष टॉपर्सच्या नावावर करू नका

आज दुपारच्या बैठकीतून उठले तेव्हापासून डोकं भणभणतंय. अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

आमच्या कॉलेजात चौथ्या वर्षाच्या ऑनर्सची, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीनंतर आणखी एक वर्ष थांबून घ्यायच्या पदवीची, फेरमांडणी चालू आहे. आम्ही स्वायत्त, त्यामुळे नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३ पासूनच आलं, आणि तेव्हा एफ.वाय.ला आलेल्या मुलांसाठी आता हे सगळं ठरवायचंय. आज समोर आलेला आराखडा असा: पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असणाऱ्यांची वेगळी बॅच. रिसर्च त्यांना, गाइड त्यांना, लॅबचा वेळ त्यांना, प्रॉस्पेक्टसमध्ये फोटोही त्यांचेच. उरलेल्यांना तीन थिअरी पेपर, आणि ते शिकवायला सी.एच.बी.वरची, म्हणजे तासावर पैसे मिळणारी, माणसं. वर एकांनी सांगूनही टाकलं, "साठ-बासष्टवाल्यांना रिसर्च काय कळणार? आपला वेळ जाईल."

आणि मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. जुन्या पॅटर्नमधली, बी.ए. भूगोल, टक्के ६१. तिने टी.वाय.च्या प्रोजेक्टसाठी स्वतःच्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजली. दोरीला दगड बांधून, दर महिन्याला, पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं एवढं करायला. बाकी पोरं झेरॉक्सवाल्याकडून प्रोजेक्ट बांधून आणत होती आणि ही विहिरीच्या काठावर वही घेऊन उभी. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, शेजारशेजारच्या दोन विहिरी, मग एक जानेवारीत आटते आणि दुसरी एप्रिलपर्यंत टिकते, हे कसं? ती म्हणाली, "सर, खालचा दगड सारखा नाही. टिकणाऱ्या विहिरीत खोलपर्यंत मुरूम आहे, आटणारीत लगेच पक्का काळा पाषाण. पण तेवढंच नाही, आटणाऱ्या विहिरीच्या वरच्या अंगाला दोन बोअर झाल्यात. कुठल्या साली, तेही लिहिलंय."

बसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी कसं साठतं हे आम्ही फळ्यावर शिकवतो. फुटलेल्या, झिजलेल्या थरात पाणी मुरतं, अखंड खडकात मुरत नाही. तिने ते विहिरीत उतरून पाहिलं होतं आणि त्याला माणसांचा हिशोबही जोडला होता. याला संशोधन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तिचे टक्के का कमी होते? इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरात मार खाल्ला, आणि एस.टी. चुकल्यामुळे इंटर्नल बुडाल्या. आजच्या आराखड्यात ती दारातच अडली असती. आणि दार लावणारे आपणच असतो, जे रोज वर्गात समतेच्या गोष्टी करतो.

"नियमच तसा आहे मॅडम." हे वाक्य आज इतक्यांदा ऐकलं! नियम मीही वाचलाय. यू.जी.सी.ने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला त्यात १२० क्रेडिटची तीन वर्षांची पदवी आहे, १६० क्रेडिटची चार वर्षांची ऑनर्स आहे, आणि 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी ७५ टक्क्यांची अट आहे. रिसर्च प्रोजेक्ट बारा क्रेडिटचा. जे तो घेत नाहीत त्यांच्यासाठी तेवढ्याच क्रेडिटचे तीन कोर्स. बरोबर. पण ते तीन कोर्स म्हणजे नोट्स उतरवून घेणं, असं कुठे लिहिलंय? ते कसे असावेत हे आमच्या अभ्यास मंडळाच्या हातात आहे. त्यातला एक सेमिनार करा, एक पूर्णपणे फील्डवरचा करा. ७५च्या अटीने प्रमाणपत्रावरचं नाव ठरतं. पोरीने विहीर मोजायची की नाही, हे त्या अटीने ठरत नाही.

गाइड नाहीत, हे मात्र खरं. यू.जी.सी.चंच म्हणणं आहे की रिसर्चवाल्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाइड असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, आणि कितीतरी विभागांत दोन कायम माणसंच उरलेली नाहीत. सगळ्यांना रिसर्च देता येणार नाही, मान्य. पण मग जी माणसं आहेत ती सगळी आधीच पुढे असलेल्यांच्या मागे का उभी करायची? चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले की पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र होता येतं, ती वाट त्या मुलांना मिळालेलीच आहे. मला त्यांचा राग नाही, ती माझीही मुलं आहेत. पण त्यांच्यातली कित्येक पाठांतरावर तिथवर आलीत, आणि पहिल्यांदा एखादा प्रश्न स्वतः शोधायची वेळ आली की भांबावून जातात. त्यांनाही त्या विहिरीवाल्या पोरीशेजारी बसायची गरज आहे. वेगळ्या बॅचमध्ये ही मुलं तिला भेटणार कुठे?

बाहेर बघा. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्स सुरू केला. छोटे सेमिनार, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक. शिकवणारा आणि विद्यार्थी मग एकाच बाजूला येतात. शंभर वर्षांनंतरही ती पद्धत टिकून आहे. ते श्रीमंत कॉलेज आहे, आपल्याला तसं सगळं जमणार नाही, ठीक. पण बाहेरचा माणूस बोलावून मुलाशी तासभर बोलू द्यायला इमारत लागत नाही. माझ्या विद्यार्थिनीची खरी परीक्षा त्या व्हायवाच्या टेबलावरच झाली. त्या दिवशी बाहेर आली तेव्हा ताठ चालत होती. तीन वर्षांत तिला तशी चालताना मी पाहिलं नव्हतं.

आता राग थोडा निवलाय. बैठकीत बोलले ते जरा चढ्या आवाजात होतं, पण त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. घरच्यांची समजूत काढून, आणखी एक वर्ष कमाई पुढे ढकलून जी मुलं चौथ्या वर्षाला थांबतात, विशेषतः मुली, त्यांना आपण तीन कंटाळवाणे पेपर देणार असू तर त्यांनी थांबावं कशासाठी?

सोमवारी अभ्यास मंडळ बसतंय. मी लेखी देणार आहे: सेमिनार दोन्ही गटांना एकत्र, दुसऱ्या वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट पुढे चौथ्या वर्षापर्यंत वाढवायची मुभा, आणि प्रत्येक ऑनर्स विद्यार्थ्याची बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा, टक्के कितीही असोत. पहिला आक्षेप येणार की इतके परीक्षक आणायचे कुठून. म्हणून भूगोल, भूजल, शेती, अर्थशास्त्र यांत काम करणाऱ्या आणि वर्षातून एक दिवस द्यायची तयारी असलेल्या मित्रमैत्रिणींनो, रविवार रात्रीपर्यंत मला कळवा. बैठकीला जाताना हातात नावांची यादी हवी आहे.