तारखेचे राखणदार

तारीख पक्की झाली? हॉल मिळाला? भटजींनी पंचांग उघडलं? यातलं काहीच झालं नसेल तर हीच योग्य वेळ. ‘सेव्ह द डेट’ ही लग्नाची आगाऊ सूचना पाठवून मोकळे व्हा.

आधी फोटो लागेल. पणजीत फोंताइन्हासला जा आणि कुणाच्याही पिवळ्या नाहीतर निळ्या भिंतीला टेकून उभे राहा. घरमालकाने ‘इथे फोटो काढू नयेत’ अशी पाटी लावली असेल तर ती चौकटीत येणार नाही एवढं बघा. भिंत नको असेल तर मिरामारला सूर्यास्त फुकट आहे. चेहरे मात्र दाखवू नका. दोन पाठी पुरेत. तारीख ठळक, नावं मुंगीच्या पावलाएवढी. गावातल्या म्हाताऱ्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ‘हो कोणाचो चलो गो?’, म्हणजे हा कुणाचा मुलगा गं, असं निदान दोन दिवस विचारत राहिलं पाहिजे.

जुनी माणसं हे सगळं उलट्या क्रमाने करायची. आधी ग्रामदेवतेला नारळ, मग मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला, ज्याचं जे कुलदैवत तिथे गाऱ्हाणं, कौल. मूर्तीला लावलेलं उजवीकडचं फूल पडलं की पुढचं बोलणं. छापलेली पहिली पत्रिकाही देवापुढेच ठेवायची. या पद्धतीत मोठी अडचण अशी की देवाला विचारायला गेलं की देव उत्तर देतो. व्हॉट्सअ‍ॅपला काही विचारावं लागत नाही. तेव्हा पहिला मान ‘फॅमिली ऑफिशियल’ ग्रुपला, दुसरा देवाला, तिसरा आत्याला. देव समजून घेईल. आत्या घेणार नाही, पण तिचं नंतर बघू.

गोव्यात तर सरकारचीही आगाऊ सूचना असते. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. निबंधकाकडे जाऊन पहिली सही करायची, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचं, मग दुसरी सही. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे चर्चमध्ये ओळीने तीन रविवार नावं पुकारतात, तेही त्याच कारणासाठी. या दोन्ही सूचना जुनाट आहेत, कारण त्या समोरच्याला विचारतात, ‘बाबा रे, तुझी काही हरकत?’ तुमच्या सूचनेत ही चूक होऊ देऊ नका. समोरच्याची परीक्षा असेल, बाळंतपण असेल, त्याच दिवशी त्याच्या सख्ख्या भाचीचं लग्न असेल. हे कळवायला त्याला जागाच ठेवू नका. ‘तारीख राखून ठेवा’ असं आज्ञार्थी लिहा आणि खाली बदामाचं चित्र टाका. बदाम असला की आज्ञा प्रेमळ वाटते.

आता तारीख कुठली? २०२६ चंच बघा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ते गेले. २५ जुलैला आषाढी, पुढे चातुर्मास. मधले पाच-सहा आठवडे उरतात, ते गोव्याच्या पावसाचे. वरात पाण्यात आणि मांडव शेजाऱ्याच्या माडावर. मग थेट नोव्हेंबरात तुळशीचं लग्न लागलं की माणसांची. तेव्हा अख्ख्या गोव्याला एकदमच लग्न आठवतं आणि देवळांची सभागृहं मिळत नाहीत. त्यातच पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, खोल्यांचे भाव आभाळात. हे सगळं टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे २७ डिसेंबर. बाहेरचे पाहुणे आनंदाने येतील. विमानाचं तिकीट बघून ते किंचाळले तर त्यांना सांगा, ‘म्हणूनच आठ महिने आधी कळवलं ना!’

ठिकाण लिहायचंच झालं तर नुसतं ‘गोवा’ लिहा. गोवा केवढा, एवढुसा! पाहुणा उत्तरेत मोपाच्या विमानतळावर उतरेल आणि लग्न पार दक्षिणेला काणकोणला असेल, किंवा तो दाबोळीच्या विमानतळावर आणि लग्न उत्तर टोकाला पेडण्याला. मोपा ते काणकोण शंभरेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं की पाहुण्याला आहेराचा पुनर्विचार करता येईल. तसंही पत्रिकेत आपण ‘कृपया आहेर आणू नये’ छापतोच.

रेल्वेने येणाऱ्यांची गंमत वेगळी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. म्हणजे आठ महिने आधी तारीख मिळालेला डोंबिवलीचा काका सहा महिने नुसता उत्साहात बसून राहणार. साठाव्या दिवशी सकाळी आठला तो कोकणकन्येची खिडकी उघडणार आणि आठ वाजून पाच मिनिटांनी वेटिंग लिस्टवर असणार. त्याला उतरायचं थिवीला, करमळीला की मडगावला हेही तोवर तुम्ही सांगितलेलं नसतं. ते पत्रिकेत असतं, आणि पत्रिका पंधरा दिवस आधी निघते. काकाने तिन्ही स्टेशनांची तिकिटं काढावीत. काका हौशी आहे.

पण काकाची फार कीव करू नका. ‘गोव्यात लग्न’ हे दोन शब्द मुंबई-पुण्यात गेले की त्यांचा अर्थ बदलतो. लग्न गळून पडतं, गोव्यात उरतं. ज्यांनी तुमच्या मुंजीला साधा फोन केला नव्हता तेही ‘चार दिवस आधीच येतो, मदतीला’ म्हणतात. मदतीला आलेली माणसं स्कूटर कुठे भाड्याने मिळते ते विचारतात. फेणी किती बाटल्या नेता येते ते विचारतात. तुमच्या आईने चुड्याच्या कार्यक्रमासाठी आवरून ठेवलेल्या खोलीत ती ओले टॉवेल वाळत घालतात. मुहूर्ताच्या वेळी त्यांतली निम्मी दूधसागरच्या जीपमध्ये असतात. उरलेली पंगतीला बसून खतखतं आणि मणगणं बघतात आणि दुखावलेल्या आवाजात विचारतात, ‘गोव्यात येऊन मासे नाहीत?’ तेव्हा सूचना आठ महिने आधी देण्यात शहाणपण आहे. एवढ्या अवधीत घराला वरचा मजला चढवून होतो.

मुख्य कौशल्य पुढेच आहे. सूचना फुकट जाते म्हणून ती चारशे जणांना गेलेली असते. नंतर केटररचा दर ताटामागे कळतो आणि पत्रिका दीडशेच छापल्या जातात. या मधल्या अडीचशेंचं काय करायचं? काही नाही. गप्प बसा. रस्त्यात कुणी भेटलंच तर ‘अगदी घरगुती करायचं ठरवलं’ म्हणा. त्याने सभागृहाबाहेरच्या गाड्या मोजल्या तर तो त्याचा दुष्टपणा.

मी त्या अडीचशेंतला. एका लांबच्या भाच्याची सूचना मला मार्चमध्ये आली होती, दोन पाठी आणि समुद्र. मी डिसेंबरची रजा टाकली. त्याच दिवशीचं एका मित्राकडचं बारसं नाकारलं. ‘आमच्या घरचं कार्य आहे’ असं जरा ऐटीत म्हणालो. लाँड्रीतून कोट आणला. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो, रात्रभर हातात दांडा घेऊन फिरतो म्हणतात. मी तशी ती तारीख नऊ महिने राखली, तिच्याकडे दुसरं कुठलं काम फिरकू दिलं नाही. पण राखणदाराला वर्षातून एकदा नैवेद्याचा रोट तरी मिळतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी म्हापशाहून चुलत बहिणीचा फोन आला. साड्या कुठल्या नेसायच्या यावर बोलणं सुरू करण्याआधी मला आमंत्रण आलं का याचा तिने अंदाज घेतला.

‘तुका आपोवणें आयलें मरे?’

‘तारीख आयल्या,’ मी म्हटलं, ‘आपोवणें ना.’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘म्हाकाय तशेंच.’

दुसऱ्या दिवशी मंजूर झालेली रजा होती, इस्त्रीचा कोट होता. दुपारी पेज जेवलो आणि झोपलो. संध्याकाळी फोनवर भाच्याचा संदेश आला होता, चारशे जणांना एकदम गेलेला: आमच्या आनंदात सहभागी झाल्याबद्दल आभार. खाली बदाम होता.